सगुणाबाईंच्या हातचं औषध

१० ऑगस्ट २०२३, गुरुवार. सकाळी पाऊस नव्हता. दूधवाला उशिरा आला. सगुणाबाईंचा मुलगा दिपेश पहाटे उल्हासनगरच्या रुग्णालयात वारला. दुपारी सोनिवलीच्या स्मशानात नेला. रिद्धीला, त्याच्या बायकोला, माहेरचे लोक धरून होते. सगुणाबाई रडल्या नाहीत.

ज्या जागी आमची इमारत उभी आहे, तिथे पूर्वी सगुणाबाईंची भातखाचरं होती. जमीन गेली, तरी कुंपणाच्या कडेला पावसाळ्यात उगवणारी भुईआवळी गेली नाही. पानांच्या खाली मोहरीएवढ्या फळांची रांग असलेलं हे साधं तण. काविळीवर ते द्यायचं काम त्यांच्या सासूने त्यांच्याकडे दिलं होतं. पहाटे कोणाशीही न बोलता रोप मुळासकट उपटायचं, पाट्यावर वाटायचं, ताकातून उपाशीपोटी द्यायचं. तेल-हळद बंद. रोग्याच्या घरचा चहासुद्धा घ्यायचा नाही. आणि घरच्या माणसाला द्यायचं नाही, कारण देणाऱ्याचा गुण रक्ताच्या नात्याला येत नाही.

मी एकदा त्यांना सांगितलं होतं, की काविळीचे पुष्कळ रोगी विश्रांतीनेही बरे होतात, असं डॉक्टर म्हणतात.

"असंल बाय," त्या म्हणाल्या. "पन ज्याच्या डोल्यांत झोप दिसते, त्याला मी हात लावत नाय. त्याला सांगते, पयला दवाखान्यात जा."

परत पाठवलेली माणसं गावाच्या लक्षात राहिली नाहीत. बरी झालेली तेवढी राहिली.

गेल्या महिन्यात दिपेशचे डोळे पिवळे झाले. सगुणाबाईंनी त्याच दिवशी त्याला दवाखान्यात चल म्हटलं. मी तिथेच होते. तो खाटेवर पडून हसला.

"आये, दुनियेला बरी करतेस आनि पोराला अॅडमिट? डॉक्टरची एजंट झालीस काय? कमिशन किती भेटतं?"

"मस्करी नको रे पोरा. माज्या हाताचा गुन तुला येनार नाय."

"मग भावेशच्या हातून दे. तो कुठं रक्ताचा हाय?"

भावेश त्याचा मित्र, समोरच्याच आळीतला. बाहेरचा हात मिळाला की नियमही मोडत नाही आणि दवाखानाही टळतो, हे दिपेशला फार पटलं. रिद्धीलाही पटलं. सगुणाबाई अडून राहिल्या, तेव्हा रिद्धी मला ऐकू जाईल अशी म्हणाली, "परक्यांसाठी पहाटे उठतात. स्वतःच्या मुलासाठी पाटा जड झाला."

दुसऱ्या दिवशी सगुणाबाई पहाटे कुंपणापाशी वाकलेल्या मला गॅलरीतून दिसल्या. त्यांनी रोप वाटून ताकात कालवलं, भावेशने पेला दिपेशच्या हातात दिला. मी खाली जाऊन म्हटलं, "निदान रक्त तरी तपासून घ्या." दिपेश म्हणाला, "काकू, तुमचा कॉन्व्हेंटवाला इलाज नंतर बघू." सगळे हसले. सगुणाबाई पाटा धूत होत्या.

पुढे त्याला झोपच झोप येऊ लागली. मग तो बायकोला ओळखेना. रुग्णालयात नेला, तेव्हा डॉक्टर म्हणाले, यकृत निकामी होत आलंय, आधी आणायला हवं होतं. सगुणाबाईंनी विचारलं, "आधी म्हंजे कवा?"

आज स्मशानातून पुरुष परतले, तेव्हा सगुणाबाईंच्या ओट्यावर बारवी धरणाकडचा एक माणूस वाट बघत बसला होता. सोबत पिवळ्या डोळ्यांची मुलगी. इथे काय झालंय, हे त्याला माहीत नव्हतं. भावेशने सांगितल्यावर तो उठला, हात जोडले, पण गेला नाही.

"मावशी, लांबून आलोय."

"दवाखान्यात ने तिला."

"तुमच्या हाताचं नाव ऐकून आलोय."

सगुणाबाईंनी दोन्ही हात पदराखाली घेतले. "ने रे तिला. पाया पडते तुज्या."

एक शेजारीण म्हणाली, "सगुणा, पुन्याचं काम हाय, बंद नको करू." त्यांनी तिच्याकडे पाहिलंही नाही.

मी घरी येऊन गॅलरीत उभी राहिले. तो माणूस मुलीला सावलीत बसवून आमच्या कुंपणाच्या कडेने वाकून पाला शोधत होता. मी वरून ओरडले, "अहो, दवाखाना स्टेशनकडे आहे!" त्याने मान हलवली आणि मूठभर उपटून रुमालात बांधलं. ते बरोबर रोप होतं की नाही, मला वरून दिसलं नाही.

संध्याकाळ. उद्या पाणी येणार नाही. पिंप आणि दोन्ही बादल्या भरून ठेवल्या.