उमरावाचं शेवटचं पत्र

एकोणिसाव्या शतकात युरोपातून जपानला राजदूत म्हणून आलेल्या एका उमरावावर मी पुण्यात प्रबंध लिहिला. तेव्हा मी अठ्ठावीस वर्षांची होते आणि फार शहाणी. उमराव वर्षानुवर्षं वरिष्ठांना कळवत राहिला: हवा उत्तम, यजमान प्रेमळ, तब्येत झकास. घरी परतायची इच्छा अगदी तळाशी, तीही इतक्या अदबीनं की कुणाला दिसूच नये. मी ठसक्यात लिहिलं, 'या गृहस्थात धैर्याचा अभाव होता.' आणि कंटाळून त्यानं शेवटी धाडलेलं 'मला परत बोलवा' एवढ्या एका ओळीचं पत्र, ना मायना ना हवापाणी, त्याला मी कारकिर्दीवरचा डाग ठरवलं.

आता त्याच जपानात, मुलाच्या एदोगावातल्या घरी नवव्या मजल्यावर बसून त्या शहाण्या बाईचा कान पिरगाळावासा वाटतो.

नातीला सांभाळायला तीन महिन्यांसाठी आले. खालचं दार आकडे दाबून उघडतं. एकदा आकडे विसरले आणि तासभर सायकलींपाशी उभी राहिले, तेव्हापासून एकटी उतरत नाही. कचऱ्याचं कामही गेलं. इथे प्रत्येक कचऱ्याचा वार ठरलेला; मी चुकीच्या वारी प्लास्टिक खाली ठेवलं, तर गाडीवाल्यांनी पिशवी स्टिकर लावून तिथेच ठेवलेली. तोयोसुच्या ऑफिसला निघालेली सून ती मुकाट्यानं वर घेऊन आली. नातीला मराठीत विचारावं, तर उत्तर जपानीत.

रोज संध्याकाळी धाकट्या बहिणीचा व्हिडिओ कॉल. मुलगा शेजारीच.

"कशी आहेस गं?"

"मजेत. हवा छान, सून गुणी."

रविवारी सुनेदेखत मुलानं व्हिसा वाढवायचा फॉर्म पुढे ठेवला. "सही कर, आई. तुला इतकं आवडतंय, तर आणखी तीन महिने राहा."

मी पेनाला टोपण लावलं. "मला घरी जायचंय."

"अगं, मग काल मावशीला मजेत म्हणालीस ते?"

"ते सरकारी पत्र होतं."

तो हसला नाही. "हिचं प्रोजेक्ट मार्चपर्यंत आहे. पोरीकडे कोण बघणार?"

उमरावालाही हेच कळवलं होतं: दुसरा योग्य माणूस मिळेपर्यंत थांबावं. मी टोपण काढलं.

सुनेनं फॉर्म माझ्या हाताखालून ओढून घेतला. "आई, तुम्ही आधी बोलायचं ना. माझ्या आईला विचारते."

लगेच फोन लावला. पडद्यावर विहीणबाई, डोळ्यांत शंका. "मला जमेल का हो तिथे? करमतं का?"

मुलगा, सून, दोघंही माझ्याकडे बघत होते.

"हवा उत्तम आहे," मी म्हटलं. "तब्येत अगदी झकास राहते."