ताई मातीतली नव्हती

ताई गेल्याचं दादाला कळवायला मी परळच्या त्या रुग्णालयाच्या जिन्यात येऊन फोन केला. दुपारची वेळ होती, भेटायला येणाऱ्यांची ये-जा चालू होती, आणि मी कठड्याला टेकून उभी होते. दादा म्हणाला, "तरी मी सांगत होतो, तिला तिथून हलवू नका." मी तिला हलवलं नव्हतं. ती स्वतः घराला कुलूप लावून, एसटीत बसून मुंबईला आली होती, आणि हे त्याला पुरतं ठाऊक होतं. पण बहिणीचं शरीर आत पांढऱ्या चादरीखाली असताना हे कोण बोलणार... मी फक्त तो कधी पोचतोय एवढं विचारलं आणि फोन ठेवला.

आम्ही तीन भावंडं. थोरली ताई, म्हणजे शालिनी, मधला दादा आणि धाकटी मी. दादाने त्याच्या लालबागच्या टॉवरमधल्या हॉलमध्ये शोकसभा ठेवली. तिथे लावायला त्याने जो फोटो निवडला, त्यात ताई गुडघाभर चिखलात वाकून उभी आहे, डोक्यावर प्लास्टिकची खोळ, हातात भाताच्या रोपांची जुडी. दादाच्या कुणा मित्राने तो काढला होता. एकेक जण उठून बोलला. साधी राहणी, मातीशी नातं, गरजा किती कमी... ताईला ज्यांनी पाच मिनिटंही पाहिलं नव्हतं, तेही बोलले. शेवटी दादा उभा राहिला आणि म्हणाला, की जमिनीतलं रोप उपटून कुंडीत लावलं तर ते जगत नाही, मुंबईच्या हवेने आमची ताई नेली. त्याचा आवाज फुटला. तो खरंच रडत होता, हे मी नाकारणार नाही. पण मी तिथे खुर्चीत बसून त्या फोटोकडेच बघत होते. तो फोटो आणि ती भाषणं अशीच राहिली, तर ताई कोण होती हे कुणालाच कळणार नाही, म्हणून हे लिहिते आहे.

ताई लालबागची होती. चाळीत जन्मली, परळच्या शाळेत शिकली. आमच्या मजल्यावर टेलिफोन ऑपरेटर असलेल्या एक बाई राहायच्या. इस्त्रीची साडी नेसून, खांद्याला पर्स लावून त्या एकट्या कामाला जायच्या आणि एकट्या परत यायच्या. ताई त्यांच्याकडे जाऊन त्या फोनवर कशा बोलतात ते ऐकायची आणि घरी येऊन आमटीची पळी कानाला लावून आम्हाला तसं बोलून दाखवायची. तिला तेच व्हायचं होतं. ती नववीत असताना गिरणीचा संप लांबला आणि बाबांनी आम्हा सगळ्यांना घेऊन कोकणातल्या गावी जायचं ठरवलं. "गिरण सुरू झाली काय येवया परत," असं ते म्हणाले. ताईने शाळेची पुस्तकं बरोबर घेतली होती. गिरणी सुरू झाली नाही ते झालीच नाही.

गावी आमची थोडी भातजमीन, काजूची आणि आंब्याची काही झाडं, परसात रातांब्याचं, म्हणजे कोकमाचं, एक झाड. बाबांची छाती कापसाच्या धुळीने आधीच गेलेली, त्यांना नांगर धरवत नव्हता. आईला एकटीला झेपणारं ते काम नव्हतं. दादाला शिकायला मुंबईतच फणसवाडीत मामांकडे पाठवलं, कारण तो मुलगा. मी लहान म्हणून गावच्या शाळेत. राहिली ताई. आईने तिला जवळ बसवून समजावलं, तू थोरली गो... आणि पुढच्या आठवड्यात ताई चिखलात उतरली. पहिल्या लावणीत तिच्या पायाच्या बोटांमधली कातडी कुजली, चालताना ती भिंत धरायची. रात्री आई तिथे हळद आणि तेल लावायची. ताई रडली नाही. फक्त एकदा मला म्हणाली, की गावातल्या बायका तिला 'मुंबैकरीण' म्हणून हसतात आणि मुंबईतल्या मुली आता दहावीला बसल्या असतील.

आमचं गावचं जगणं कसं होतं, ते आता लोकांना फार गोड वाटतं. मला आठवतं ते असं. पावसाळ्यात लावणी. श्रावणात घरात भाजीला पैसे नसत म्हणून बांधावरचा टाकळा आणि परसातलं अळू. सकाळी पेज, तिच्याबरोबर खारातल्या कैरीची फोड, आणि फोड नसली तर नुसतं मीठ. गणपतीला नारळ फुटायचे, एरवी एक नारळ दोन दिवस पुरवायचा. दिवाळीच्या सुमारास कापणी, झोडणी. भात काढल्यावर त्याच ओलीवर कुळीथ टाकायचे, म्हणजे वर्षभर पिठी. थंडीत पाला गोळा करायचा, लाकडं फोडून रचायची. उन्हाळ्यात काजू, आंबे, फणसाचे पापड, रातांब्याच्या साली मीठ लावून उन्हात. जुन्या साड्यांच्या गोधड्या, आणि गोधडी फाटली की तिचं पायपुसणं. साबणाची वडी दोऱ्याने कापून दोन भाग करायचे. यातलं सगळं ताईने शिकून घेतलं आणि पुढे आईपेक्षा नेटकं केलं. ती मनापासून करायची, असं सगळे म्हणतात. ती चोख करायची. मन कुठे होतं ते कुणी विचारलं नाही.

तिला एक स्थळ आलं होतं. मुलगा परळला एका छापखान्यात कामाला, माणसं बरी. ताईने इतक्या वर्षांत पहिल्यांदा स्वतःहून आरशासमोर उभं राहून वेणी घातलेली मी पाहिली. बाबांनी त्यांना लावणी होईपर्यंत थांबायला सांगितलं. मग कापणीपर्यंत. मुलाकडचे थांबले नाहीत, त्यांनी का थांबावं... पुढे माझं लग्न झालं आणि मी लोअर परळला आले. दादा बँकेत लागला, साहेब झाला. बाबा गेले. ताई आईजवळ राहिली. ती बोलायला फटकळ झाली, चिक्कू झाली. गावाला गेलं की चहात एक चमचा साखर जास्त पडली तरी तिचं लक्ष जायचं. दादाची मुलं मोठी होऊन फोन घेऊन तिच्या मागे फिरायची, तिच्या काटकसरीचे व्हिडिओ काढायची. एकदा पुतणी कौतुकाने म्हणाली, की आत्या, तू काहीच वाया जाऊ देत नाहीस. ताई रातांबे फोडत होती. मान वर न करता म्हणाली, "हौसेने नाही करत बाळा. नाहीये म्हणून करते."

आई गेली तेव्हा ताईची साठी जवळ आली होती. तेराव्याची माणसं पांगली आणि ताईने दादाला सांगितलं, की आता मी मुंबईला येते. चाळ पाडून तिथे टॉवर उभा राहिला होता आणि बाबांच्या खोलीच्या बदल्यात मिळालेल्या फ्लॅटमध्ये दादा नुकताच राहायला गेला होता. ताईने हक्क मागितला नव्हता. एका कोपऱ्यात गादी टाकीन, म्हणाली. दादाने तिचा हात हातात घेतला. "ताई, तू तिथे गुदमरशील. तू मातीतली आहेस." वहिनी म्हणाल्या, की घर उघडं राहायला हवं, नाहीतर मे महिन्यात मुलांनी जायचं कुठे, आणि गणपतीचं कोण बघणार. ताई उठली आणि गाईला पाणी दाखवायला गोठ्यात गेली. त्या संध्याकाळी मी तिला माझ्याकडे ये म्हटलं. ती म्हणाली, की तुझ्या दोन खोल्यांत तुझा मुलगा अभ्यास कुठे करेल. आणि विषय मिटला.

मग तो मे महिना आला. दादा दोन मित्रांची कुटुंबं घेऊन गावी गेला. मीही तेव्हा तिथे होते. घरात गॅस होता, पण पाहुण्यांना चुलीवरचं जेवायचं होतं. ताईला तेव्हाच खोकला होता. लाकडं ओली होती. ती फुंकणीने फुंकत होती, खोकत होती, पुन्हा फुंकत होती, आणि दारात उभं राहून कुणीतरी तिचा फोटो घेत होतं. मी फुंकणी हातातून घेतली तर तिने ती परत ओढून घेतली. जेवणं झाली, सगळ्यांनी भाकरीची तारीफ केली. भांडी घासताना ताई मला शांतपणे म्हणाली, "एवढं वर्षाचं पीक काढते आणि निघते."

तसंच केलं तिने. भाताच्या रोपांचा तरवा टाकला, लावणी केली, दिवाळीनंतर कापणी आटपली. उभं पीक टाकून येणारी ती नव्हती. भात आणि गाय दोन्ही शेजारच्या काकींना देऊन टाकली, घराला कुलूप लावलं, आणि एका सकाळी ती माझ्या दारात उभी राहिली. माझा मुलगा तोवर नोकरीला बंगळूरला गेला होता. गावाहून येताना तिच्या हातात नेहमी तांदूळ, कुळीथ, आमसुलं, पापड असा भार असायचा. त्या दिवशी खांद्याला एक पिशवी, बाकी काही नाही. मी बघतच राहिले, तर म्हणाली, "काही आणलं नाही कुंदा. रिकामी आलेय."

आठवड्याभरात दादा आला. तो चिडला होता, पण आवाज चढवला नाही. घराला वाळवी लागेल, माकडं कौलं फोडतील, लोक काय म्हणतील, हे सगळं सांगून झाल्यावर त्याने विचारलं, की तुला तिथे कमी काय होतं. ताई खिडकीजवळ भाजी निवडत बसली होती. "कमी काही नव्हतं, अरुण. मला तिथे राहायचंच नव्हतं. पहिल्या दिवसापासून." दादाला ते समजलं नाही. समजलं नाही असं म्हणते, कारण समजून तो तसा निघून गेला असता तर मला ते जास्त कठीण गेलं असतं. त्यानंतर तो आमच्याकडे आला नाही. त्याच्या घरापासून माझं घर बसने दोन-तीन थांबे.

खोकला थांबेना म्हणून मी तिला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी छातीचा फोटो बराच वेळ पाहिला आणि चुलीवर स्वयंपाक करता का, असं विचारलं. ताई म्हणाली, "करत होते." त्यांनी सांगितलं, की फुप्फुसं बरीच वर्षं धुरात गेली आहेत, जपावं लागेल. हे मी दादाला फोनवर सांगितलं होतं. म्हणून शोकसभेत तो मुंबईच्या हवेबद्दल बोलला ते मला विसरता येत नाही.

ते काही महिने मात्र ताईचे होते. दादरला एका पोळी-भाजी केंद्रात मालकीणबाईंना कणीक मळायला बाई हवी होती. ताई गेली आणि त्यांना म्हणाली, शेगडीजवळ मी उभी राहणार नाही, फोनवर ऑर्डरी घेईन. त्या हसल्या, पण दुसऱ्या दिवसापासून ठेवून घेतलं. ताई इस्त्रीची साडी नेसून बसने जायला लागली. एकदा मी तिथे गेले तर ती फोनवर कुणाला तरी ठामपणे सांगत होती, की साडेबारानंतर ऑर्डर घेत नाही, उद्या लवकर करा. मला पाहून तिने फक्त भुवई उडवली. पगारातून तिने पहिली गोष्ट घेतली ती म्हणजे सुवासिक साबणाचा डबा, सगळा एकदम. येताना हॉटेलात बसून एकटी चहा प्यायची. दोन चमचे साखर घालून.

श्रावण लागता लागता ताप आला, छाती भरली, आणि पाच-सहा दिवसांत ती गेली. माझ्या घरातून तो निघून गेला त्यानंतर दादाने तिला पाहिलं ते ती गेल्यावरच. वहिनी परवा फोनवर हळहळत होत्या, की यंदा गावी गणपतीही बसला नाही, ताई नाहीत ना. गावाहून शेजारच्या काकींचा फोन आला होता. आमची भातजमीन यंदा पडीक आहे, गवत माजलंय. दादाला त्याचं फार वाईट वाटतं. मला वाटत नाही. वाटायला हवं असेल कदाचित...

ताईची खाट अजून बाहेरच्या खोलीत आहे. यंदा पाऊस लागल्यापासून ताप येईपर्यंत ती त्या खाटेवर पहाटे पाचला जागी व्हायची. बाहेर धो धो पाऊस. गावी ही वेळ डोक्यावर खोळ घेऊन शेतात उतरायची. ती उठून बसायची, पाय जमिनीवर टेकवायची. खाट करकरली की मला आत कळायचं. थोडा वेळ ती तशीच पाऊस ऐकत बसायची आणि मग मुद्दाम पुन्हा आडवी व्हायची. चादर डोक्यावरून ओढून घ्यायची आणि चांगली सातपर्यंत झोपायची. मी चहाला हाक मारली तरी उठायची नाही. आता भाद्रपद संपत आलाय, पाऊस अजून आहे. मला पाचला जाग येते. मी बाहेर येऊन तिच्या खाटेवर आडवी होते आणि उजाडलं तरी उठत नाही. हे स्वतःचा चहा करून घेतात.