दोन बोटं हिरवी बनात

गुप्ते गेल्याचा फोन आला तेव्हा मी रिव्हॉल्व्हरला तेल लावत होतो. श्रावणातला रविवार होता. फोनवर गुप्तेवहिनींचे धाकटे भाऊ होते. "मनोहरराव सकाळी गेले, झोपेतच," ते म्हणाले. खरं सांगायचं तर पहिला विचार माझ्या मनात आला तो त्याच्या पेटीचा. मग स्वतःचीच लाज वाटली. पण गुप्त्याला कळलं असतं तर तो खूश झाला असता, कारण मी गेलो असतो तर त्यानंही आधी माझ्या रिव्हॉल्व्हरचीच चौकशी केली असती.

मनोहर गुप्ते ठाण्यात नौपाड्यात राहायचा. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात टूलरूममध्ये होता. जुनी, टोपीची रिव्हॉल्व्हरं हे त्याचं वेड. टोपीची म्हणजे काडतुसाच्या आधीच्या काळातली. चक्राच्या प्रत्येक घरात दारू आणि गोळी ठासायची, मागे तांब्याची इवलीशी टोपी बसवायची, तिच्यावर घोडा आपटला की बार. साहेब लोक असलं रिव्हॉल्व्हर त्याच्या सगळ्या सरंजामासकट लाकडी पेटीत ठेवत. दारूची कुपी, गोळ्या ओतायचा साचा, टोप्यांची डबी, तेलाची बाटली, प्रत्येकाला आपापला कप्पा, आणि आत बनातीचं, म्हणजे जाड लोकरी कापडाचं अस्तर. असली एक शिसवी पेटी गुप्त्याला मुंबईच्या जुन्या बाजारात मिळाली. विकणारा तिच्यात काटे-चमचे ठेवत होता. आत सगळं होतं, फक्त रिव्हॉल्व्हर नव्हतं. घरी आणल्यावर वहिनींनी पंधरा दिवस तिच्यात शिवणाचं सामान ठेवलं, ते गुप्त्यानं त्यांना जन्मभर ऐकवलं.

माझ्याकडे नेमकं उलटं होतं. आजोळच्या एका पूर्वजाचं रिव्हॉल्व्हर मामांकडून मला मिळालेलं. मामांनी ते निकामी करून घेतलेलं, कागदपत्रं चोख, पण पेटीचा पत्ता नाही. डोंबिवलीच्या शाळेत प्रयोगशाळा सांभाळणारा मी, ते जुन्या मफलरमध्ये गुंडाळून कपाटात ठेवायचो. ठाण्याच्या एका साप्ताहिकात गुप्त्यानं चार ओळींची जाहिरात दिली होती : 'जुनी पेटी आहे, आतलं रिव्हॉल्व्हर हवं आहे.' ती वाचून त्याच्याकडे म्हणे एक गृहस्थ हार्मोनियम घेऊन गेले होते. त्यांच्यानंतर मी गेलो.

तो दिवस खंडेनवमीचा होता. गुप्त्याच्या घरी पाटावर पेटी उघडी ठेवून तिच्या रिकाम्या जागेला हळदकुंकू वाहिलेलं. मी मफलर सोडला. गुप्त्यानं रुमालानं हात पुसले, रिव्हॉल्व्हर उचललं आणि त्या जागेत ठेवलं. मूठ बरोबर बसली, चक्र बरोबर बसलं. नळीच्या पुढे दोनएक बोटं जागा राहिली, पण आनंदाच्या भरात तिकडे कोण बघतो... गुप्ते मात्र बराच वेळ वाकून बघत राहिला. मग म्हणाला, "भिड्या, हे इथलंच आहे." आमची ओळख होऊन तेव्हा अर्धा तासही झाला नव्हता आणि मी भिड्या झालो होतो.

आता प्रश्न एवढाच होता, की कोणी कोणाला द्यायचं. तो म्हणे रिव्हॉल्व्हर मला दे, मी म्हणे पेटी मला दे. दोघंही आपापल्या जागी पक्के. शेवटी वहिनी आतून म्हणाल्या, "देऊ नका कोणीच. भावजी, दरवर्षी खंडेनवमीला घेऊन या, बिरडं-पुरी खा आणि परत घेऊन जा." तह झाला. पुढच्या वर्षी गेलो तेव्हा नळीपुढच्या त्या मोकळ्या जागेत हिरव्या बनातीची छोटीशी गादी बसवलेली होती. "हलू नये म्हणून," गुप्ते म्हणाला.

मग ते ठरूनच गेलं. सकाळी आंघोळ करून रिव्हॉल्व्हर पिशवीत घालायचं आणि स्कूटरनं शिळफाटा, मुंब्रा, कळवा करत ठाणं गाठायचं. एकदा कळव्याच्या पुलाआधी हवालदारानं अडवलं. पिशवीत हात घातला आणि त्याचा चेहरा पांढरा पडला. मी घाईघाईनं कागद पुढे केले. त्यानं ते उलटेसुलटे वाचले. "चालत नाय ना हे?" "नाही." "मग न्यायचं कुठं?" "पूजेला." त्यानं जरा विचार केला, चप्पल काढली, पिशवीला नमस्कार केला आणि म्हणाला, "जावा. पन हळू चालवा."

गुप्त्याचा या विषयातला अधिकार मोठा होता आणि जीभ त्याहून मोठी. पेटी मूळची नसेल तर त्याला राग यायचा. कल्याणच्या एका हौशी माणसानं मोठ्या अभिमानानं आपली पेटी दाखवली, तर यानं रिव्हॉल्व्हर उचलून खालचं अस्तर बघितलं आणि सांगितलं, "हे इथलं नाही. शंभर वर्षं पडून राहिलेल्या लोखंडाचा वळ उठतो बनातीवर. बनात खोटं बोलत नाही." त्या बिचाऱ्यानं पुढे आम्हाला चहासुद्धा विचारला नाही. परतताना मी म्हटलं, "गुप्ते, काय गरज होती?" तर म्हणाला, "दुसऱ्याचे जोडे घालून बोहल्यावर चढलेला नवरदेव आहे तो. कोणीतरी सांगायला नको?"

एका वर्षी आमचं जोरात भांडण झालं. मी चिडून म्हटलं, रिव्हॉल्व्हर माझ्या पूर्वजाचं, तेव्हा पेटीही न्यायानं माझीच. तो म्हणाला, मग चमचेही तुझ्याच पूर्वजाचे असतील, तेही शोध. पाच महिने बोलणं नाही. खंडेनवमी आली, मी हट्टानं घरी बसून राहिलो. अकराच्या सुमारास दारात रिक्षा थांबली. गुप्ते पेटी पोटाशी धरून उतरला. स्टेशनपासूनचे खड्डे खाऊन घामाघूम झाला होता. पेटी टेबलावर ठेवून म्हणाला, "ठेव तुझ्याकडे. मला कंटाळा आला भांडायचा." आणि हातपाय धुवायला आत गेला.

मी पेटी उघडली. धक्क्यांनी ती हिरवी गादी जागची सुटली होती. बसवायला उचलली, तर खाली बनातीवर वळ. नळीचा, स्वच्छ, अगदी टोकापर्यंत गेलेला. माझ्या नळीपेक्षा दोन बोटं लांब. गुप्त्यानंच शिकवलं होतं मला वळ बघायला... ही पेटी माझ्या रिव्हॉल्व्हरची नव्हती. कधीच नव्हती.

आत नळाचं पाणी बंद झालं. मी गादी होती तशी बसवली. वाटलं, हे याला कळलं तर संपलंच. खोटी जोडी घेऊन हा माणूस एक दिवस बसायचा नाही, आणि मग मी ठाण्याला कशासाठी जायचं? गुप्ते हात पुसत बाहेर आला. मी म्हटलं, "पेटी घेऊन जा. पुढच्या वर्षी मी येतो." तो माझ्याकडे बघत राहिला. मग इतका हसला, की आमच्या हिनं स्वयंपाकघरातून डोकावून पाहिलं. तेव्हापासून दरवर्षी मी गादीकडे न बघण्याची दक्षता घेत होतो. एवढा जाणकार माणूस आणि स्वतःच्या घरातलं दिसत नाही, याची मला मनातून थोडी गंमतही वाटायची.

यंदा त्यांच्याकडे सण नव्हता. तरी खंडेनवमीला वहिनींचा फोन आला, "भावजी, येताय ना?" गेलो. पाट नव्हता, हळदकुंकू नव्हतं, पण पेटी टेबलावर उघडी होती आणि वालाच्या बिरड्याचा वास येत होता. मी रिव्हॉल्व्हर ठेवलं. वहिनी म्हणाल्या, "आता पेटी तुम्ही घेऊन जा. त्यांचीही तशीच इच्छा असणार." माझ्याच्यानं राहवलं नाही. या बाईला फसवून पेटी न्यायची म्हणजे पाप. म्हटलं, "वहिनी, एक सांगायचंय. ही जोडी खरी नाही. गुप्त्याला मी कधी बोललो नाही..."

वहिनी हसल्या. नवऱ्याला जाऊन दोन महिने झालेली ती बाई, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. "ती गादी कोणी शिवली माहितेय? मी. तुम्ही पहिल्यांदा येऊन गेलात ना, त्याच रात्री मला शिवायला बसवलं. म्हणाले, वळ झाकला पाहिजे. भिड्याला कळलं तर तो परत यायचा नाही."

अर्ध्या तासाच्या ओळखीवर त्या कडक माणसानं आयुष्यातलं एकमेव खोटं बोलून ठेवलं होतं, आणि मला वाटत होतं मी त्याला सांभाळून घेतोय. मला रडू आलं, आणि लगेच हसूही.

पेटी मी आणली नाही. वहिनींना म्हटलं, ती इथेच राहू दे, पुढच्या वर्षी मी येतोच आहे. जेवण झाल्यावर मी रिव्हॉल्व्हर मफलरमध्ये गुंडाळत होतो. वहिनी पेटीवर वाकून गादीवरून बोट फिरवत होत्या.

"विरलीय हो ही," त्या म्हणाल्या. "नवी शिवून ठेवते."

"माप घेता का?" मी मफलर सोडू लागलो.

"नको. दोन बोटं. पाठ आहे मला."