माशांना आलेल्या देवी

ही गोष्ट मी आजवर कोणाला सांगितलेली नाही, बायकोलासुद्धा नाही. कल्याणच्या तळ्यातल्या माशांना देवी आल्या, ही आवई मी उठवली होती.

तेव्हा मी ठाण्याहून देवी टोचणाऱ्या डॉक्टरांबरोबर कारकून म्हणून हिंडत असे. आम्ही गावात शिरलो की आया पोरांना घेऊन मागच्या दाराने पसार! कल्याणला मी आत्याकडे उतरे. आळीतली सगळी तान्ही बाळे तिच्याच हातून न्हात. ते आटोपले की ती तळ्यावर जाई आणि माशांना कणकेच्या गोळ्या टाकी.

एका सकाळी तिने मला तिथे हाक मारली. "अरे, बघ रे, ह्यांच्या परांवर काय उठलंय?"

पांढरे बारीक कण होते. मी दात घाशीत होतो. म्हटले, "देवी आल्यात, आत्या. उद्या टोचून टाकू सगळ्यांना."

मी हसलो, ती हसली नाही. आळीतल्या एका मुलीला देवी आल्या होत्या आणि आत्या तिच्या उशाशी बसून तशीच तळ्यावर येत असे. दुपारपर्यंत पायऱ्यांवर कडुलिंबाचे डहाळे आले, संध्याकाळी दहीभात पाण्यात गेला, आळीत फोडण्या बंद झाल्या. शेजारचे आजोबा म्हणाले, "आता बेडकांना गोवर आला नाही म्हणजे मिळवली!" मला फार मजा वाटली.

त्याच मजेत मी एक मासा घरी आणून घंगाळात ठेवला. काही दिवसांनी त्याचे अंग स्वच्छ झाले आणि कण तळाशी पडले. डॉक्टरांच्या भिंगातून पाहिले, तर एकेका कणाला दोन इवल्या झडपा, उघडमीट करणाऱ्या. ही तर शिंपल्यांची पिल्ले! माशांना चिकटून तळेभर फुकट हिंडली, वाढली आणि उतरली. मासा ठणठणीत होता. आत्या ज्या शिंपल्याने बाळांना दूध पाजी, त्याचेच हे गोत.

सांगायला ओटीवर धावलो. तिथे आत्या एका बाळंतिणीला म्हणत होती, "नको गं, माझ्या हातात नको देऊस. ह्याच हातांनी त्या मुक्या जिवांना देवी दिल्या मी."

भोवती अर्धी आळी बसलेली. देवीची थट्टा केली असे कळले तर टोचायला कोणी दार उघडणार नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली. खरे म्हणजे लाज वाटली. परत फिरलो आणि घंगाळ गुपचूप तळ्यात रिते केले.

त्यानंतर आत्याने एकही बाळ न्हाऊ घातले नाही. माझी मुलेही तिने लांबूनच पाहिली, हात पदरात गुंडाळून.

आत्या अजून कल्याणलाच आहे, कान शाबूत आहेत. मासे आजारी नव्हते, मी थट्टा केली होती, तुझ्या हातांचा काही दोष नव्हता, एवढे तिला आळीसमक्ष सांगण्याचे देणे मी लागतो. ते अजून सांगितलेले नाही.