दोऱ्याचं माप

पद्मजा कुठलीही वस्तू मापाशिवाय घरात आणत नसे. नणंदेच्या बांगड्या, सासऱ्यांच्या चपला, खिडकीची जाळी, सगळ्याचं माप ती पांढऱ्या दोऱ्याने घ्यायची, टोकाला गाठ मारून दोरा पर्समध्ये टाकायची. टेप घरात होता, पण आईकडून आलेली ही सवय बीएस्सी होऊनही सुटली नव्हती. यजमान गोपाळकृष्ण म्हणत, "माझंही लग्नाआधी घेतलं असणार. फक्त कानांचं राहिलं, म्हणून अजून सगळं ऐकू येतं."

मुलाचं, केयूरचं, मात्र तिला माप लागत नव्हतं. तो आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला होता आणि घरात कामापुरतंच बोलायचा. एक दिवस जेवता जेवता म्हणाला, "मी हडपसरला वर्गातल्या आमोदच्या खोलीवर राहायला जातोय. माझ्या डबडा कॉम्प्युटरवर प्रोजेक्टची इमारत फिरवायला गेलं की सगळं अडकतं. आम्ही दोघं मिळून नवीन मशीन उभं करतोय. ग्राफिक्स कार्ड तेवढं राहिलंय."

"कायमचा जातोयस?"

"तू 'पोचलास का' विचारायचं थांबवेपर्यंत. आणि माझ्या मशीनला हात लावू नकोस."

तो कॉलेजला गेला आणि तिने हात लावला. घरच्याच मशीनला कार्ड मिळालं तर जायला कारणच उरणार नाही, असा तिचा हिशेब. मशीनचा बाजूचा पत्रा उघडला. आत मदरबोर्डवर एक लांब खाच होती, खाली दोन बुटक्या. ग्राफिक्स कार्ड लांब खाचेत बसतं, हे तिने वाचून ठेवलं होतं. तिने खाचेवर दोरा धरला आणि गाठ मारली.

कसब्यातल्या बोळात महिपतीचं कॉम्प्युटरच्या सुट्या भागांचं दुकान होतं. तिने दोरा काउंटरवर ठेवला. चहात केस निघावा तसं महिपतीने दोऱ्याकडे पाहिलं.

"बाई, हे कासाराचं दुकान नाही."

"माहितीये. कासार निदान तोंड वर करून बोलतो."

"कंपनी, मॉडेल काही?"

"तुम्ही कार्ड आणा. बसतं का ते मी बघते."

तपासणीसाठी त्याच्या टेबलावर एक उघडा मदरबोर्ड होता. त्याच्या लांब खाचेवर दोरा तंतोतंत उतरला. महिपतीने कार्ड दाबलं, कट्ट करून बसलं.

"झालं समाधान? का पत्रिकाही बघायचीये?"

"ती तुमच्या गिऱ्हाइकांची बघा. कसे टिकतात देव जाणे."

"विकलेला माल परत घेणार नाही."

"इथे परत यायची हौस कुणाला आहे?"

दोघांनाही आपणच जिंकलो असं वाटलं. कार्ड ज्यात मावायला हवं, ती मशीनची पेटी कुणालाच आठवली नाही.

संध्याकाळी केयूरने टेबलावर कार्ड आणि शेजारी गाठ मारलेला दोरा पाहिला.

"उघडलंस?"

"बंदही केलं. बसवून बघ."

त्याने पत्रा काढून कार्ड आत घातलं. पण खाचेपर्यंत पोचायच्या आधीच कार्डाचं शेपूट हार्ड डिस्कच्या लोखंडी कप्प्यावर आपटलं. तिरकं करून पाहिलं, पुन्हा आपटलं.

"खाच बरोबर आहे. कार्ड लांब आहे."

"दुकानात बसलं होतं!"

"तिथे बोर्ड टेबलावर उघडा होता ना? टेबलावर हत्तीही बसेल."

"मग तो कप्पा काप."

"अख्खं प्रोजेक्ट आहे त्यात. तेही काप म्हणशील?"

कोपऱ्यातून गोपाळकृष्ण म्हणाले, "पदार्थ घशात बसला, पोटात मावेना."

"तुम्ही पेपर वाचा!"

केयूर कार्ड हातात फिरवत होता. कितीतरी दिवसांनी त्याचा चेहरा उजळला. "आमोदची पेटी मोठी आहे. त्यात आरामात बसेल. आता काहीच राहिलं नाही."

पद्मजा म्हणाली, "मग ते मशीन इकडे आणा. आमोदलाही आण. दोघांना जेवू घालीन."

"आणता येईल," तो म्हणाला. "पण आणणार नाही."

त्याने कपड्यांची बॅग भरली, कार्ड मऊ बनियनमध्ये गुंडाळून वर ठेवलं. खाली रिक्षा थांबली. दारात त्याने दोरा तिच्या हातावर ठेवला.

"खाच बरोबर मोजली होतीस."

'पोचलास की' हे शब्द तिच्या ओठांवर आले. तिने ते गिळले.

"पोचलास तर कळवू नकोस," ती म्हणाली.

"नव्हतोच कळवणार," म्हणत तो जिना उतरला.