विटांचा पिठू

इंदूबाई सोमकुंवरचा दिवस पहाटे चारला सुरू होई. भाकरी टाकून ती उजाडायच्या आत सौसरच्या जिनिंगवर येई आणि रेच्यात, म्हणजे कापसातली सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रात, कापूस टाके. मी तिथंच हमाल होतो. तिच्या रेच्यापुढे कधी ढीग साचला नाही. यापेक्षा मोठं प्रमाणपत्र मी कोणाला देत नाही.

नवरा लवकर गेला. तिच्या मजुरीवर वाढलेला मनोहर पलटणीत भरती झाला. शहाऐंशीच्या उन्हाळ्यात त्याचं प्रेत आलं. सोबतच्या सुभेदारानं सांगितलं, दारू पिऊन पडला. मनोहरनं दारूला कधी हात लावला नव्हता.

"मेला ते खरं," इंदूबाई म्हणाली. "बाकी खोटं हाय."

पुढं त्याच पलटणीतला, तिगावचा देवीदास सुट्टीवर आला. मनोहरचा पिठू, म्हणजे शिपायाची पाठीवरची पिशवी, त्यानं छावणीतून लपवून आणला होता. आत विटा. कप्तानानं शिक्षा म्हणून त्या मनोहरच्या पाठीवर देऊन त्याला भर दुपारी पळवलं होतं, पाण्याविना. पट्ट्यावर रक्त होतं, झाकणावर शाईनं मनोहरचा नंबर.

"जपून ठेवजो काकी. माहं नाव मात्र काढू नको. नोकरी जाईल."

"नाही काढत."

आमच्याकडे मयताची वस्तू धुतल्याशिवाय घरात घेत नाहीत. तिनं विटा अंगणात काढल्या, पिठू सोड्यात उकळला, नदीवर नेऊन आपटला. कोणतंही काम ती अर्धं करत नसे. रक्त गेलं. नंबरही गेला.

देवीदास निरोप घ्यायला आला तेव्हा पिठू दोरीवर वाळत होता.

"काकी, हे काय करून बसली व? पुरावाच धुतला."

ती खाली बसली. मग उठली आणि विटा पुन्हा आत भरू लागली.

तिची तक्रार पलटणीकडे गेली. चौकशी लागली आणि तिला छावणीत बोलावणं आलं. मी सोबत गेलो. गाडीत एकानं विचारलं, "बाई, विटा घेऊन कुठं? पोरीचा बंगला बांधून राहिली काय?"

"नाही भाऊ. ज्याच्या हायेत त्याले वापस कराच्या हायेत."

स्टेशनवरून छावणीपर्यंत पिठू तिच्याच पाठीवर. मी दोनदा म्हटलं, मी घेतो.

"माह्या पोरानं कोणाले देल्ला होता काय?"



चौकशीच्या साहेबानं पिठू उलटसुलट पाहिला. कप्तान बाजूला बसला होता.

"यावर नंबर नाही. कोणाचाही असेल. दिला कोणी?"

"ते नाही सांगत साहेब. शब्द देल्ला हाय."

"मग चौकशी इथंच संपली."

साहेबानं फाइल मिटली. इंदूबाईनं पिठू उचलायला हात घातला. दाराशी पहाऱ्यावर देवीदास होता. तो आत आला.

"साहेब, मी दिला. त्या दिवशी मी तिथंच होतो."

त्याच्यामागून आणखी शिपाई बोलले.

कप्तानाचं कोर्ट मार्शल झालं, वर्दी उतरली. मनोहरच्या कागदावरची दारू खोडली गेली. देवीदासची नोकरी राहिली, बढती मात्र थांबली. तो दर सुट्टीला आधी इंदूबाईकडे जाई, मग घरी. त्याची माय कुरकुरे, "पोरगा माहा, अन् पहिला चहा तिच्या घरी."

इंदूबाई जिनिंगवर येतच राहिली. मजुरीतून मागं टाकलेल्या पैशानं तिनं बोरगावच्या रस्त्यावर पाणपोई बांधली. पक्की, रांजण बसवलेली, वर मनोहरचं नाव. पाणपोईच्या विटा मी वाहिल्या. त्या तिनं वाहू दिल्या.