आधी कुत्रं जेवलं

दोन हजार तेवीस साल. मला अठ्ठ्याहत्तरावं लागलं होतं. शाळा चौथीपर्यंत, तीही गुरं सांभाळून. पण घरात शब्द माझाच चालायचा.

आमच्या मंडळींना विसरण्याचा आजार जडला होता. डॉक्टर त्याला डिमेन्शिया म्हणतात. आधी चुलीवरचं दूध विसरायची, मग पोराचं नाव, मग मलाच पाव्हणं म्हणायला लागली. तेही गिळलं. पण त्या उन्हाळ्यात तिनं जेवणच टाकलं. सून दुधात भाकरी कुस्करून तोंडाशी न्यायची, ही तोंड फिरवायची. असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल, असं डॉक्टर सांगून गेले. मग मीही हट्टाला पेटलो. तिच्यासमोर बसून सांगितलं, तू जेवल्याबिगर मी ताटाला हात लावत न्हाई. आणि तिच्या देखत लावलाही नाही. ती निजली की परसात जाऊन गार भाकरी खायचो, ते वेगळं.

पोरगा तिकडं तमिळनाडूत गलाईच्या धंद्यात, सोनं गाळतो. त्यानं फोनवरून अक्कल शिकवली. म्हणे सांगलीत एक मॅडम शिकवलेलं कुत्रं घेऊन अशा आजारी म्हाताऱ्यांकडं जातात, माणसं खुलतात. मी विचारलं, आईला डॉक्टर पाहिजे का कुत्रं? आमच्यात कुत्र्याची जागा उंबऱ्याबाहेर. पण माझा विचार घेणारी सून आमची नव्हे; तिनं परस्पर बोलावून घेतलं.

मॅडम गाडीतून आल्या. कुत्रं पिवळसर, चांगलं कालवडीएवढं, गळ्यात फोटोचं ओळखपत्र. माझं नाव आजवर रेशनकार्डावर धड छापून आलं नाही. मॅडम म्हणाल्या, आजोबा, काळजी करू नका, सकाळीच त्याची आंघोळ झाली आहे. मी म्हटलं, माझी व्हायची हाय अजून.

ते उंबरा ओलांडून थेट कॉटपाशी गेलं आणि हिच्या मांडीवर हनुवटी टेकून बसलं. मी काठी शोधत होतो. ती सुनेनं आधीच लपवली होती.

हिनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. सुनेनं बाजूला ठेवलेल्या ताटातली भाकरी मोडली आणि तुकडा त्याच्यापुढं धरला. कुत्र्यानं मॅडमकडं बघितलं. एरवी त्याला बाहेरचं देत नाहीत म्हणे, पण मॅडमनी मान हलवली. त्यानं खाल्लं. हिनं आणखी एक तुकडा दिला, तोही खाल्ला. मग हिनं डोक्यावरचा पदर सारखा केला, ताट पुढ्यात ओढलं आणि स्वतः घास घेतला. अर्धी भाकरी खाऊन झाल्यावर ती त्या कुत्र्याला म्हणाली,

"बघ की रं, ह्ये पाव्हणं रोज माझ्याम्होरं उपाशी बसत्यात, आनि मला म्हनत्यात जेव. आसं कुटं आसतंय व्हय?"

माझं टाळकंच सरकलं. घरातली माणसं जेवल्याशिवाय ही बाई उभ्या जन्मात जेवली नाही. आणि आम्ही आजारी म्हणून रोज तिलाच पहिला घास भरवत होतो. त्यात मी समोर उपास धरून बसलेला! बरं, एवढं मनात होतं तर मला नसतं का सांगता आलं? साठ वर्षांचा संसार माझ्याशी, आणि सांगितलं कुणाला, तर सांगलीच्या कुत्र्याला.

मॅडम खूश. त्याच्या स्पर्शानं मन मोकळं होतं वगैरे बरंच सांगत होत्या. पुढच्या मंगळवारी येऊ का म्हणाल्या. सून या म्हणाली. मला कुणी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून मी तिच्यासमोर मांडी घातली. पाव्हण्यागत म्हटलं, "वाढा, भूक लागलीया." तिनं वाढलेली भाकरी सगळी संपवली आणि तिला दिसावं म्हणून रिकामं ताट तिच्यासमोर उभं धरलं.